एक्केचाळीस पावलं

माझं नाव दत्तात्रय, पन गावात दत्ता मोबाईलवाला म्हनलं की कुनीबी दुकान दाखवतं. जन्म खर्ड्याजवळच्या एका वस्तीवरचा. आईवडील दरसाल दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, मला मावशीकडं ठेवून, आन मावशीला तिची स्वतःची पाच, त्यामुळं मी त्या घरात असलो काय आन नसलो काय, कुनाला पत्ता नसायचा. तिथंच मला गप बसायची सवय लागली. काय सांगू तुमाला, गप बसनारं पोरगं कुनाला जड हुत न्हाई, त्याला बिनबोभाट भाकरी मिळती.

दहावी झाल्यावर एसटीडीच्या बूथवर बसलो, पुढं तो माझाच झाला. काचेची खोली असली तरी आवाज समदा बाहेर यायचा. कोन भावाशी भांडतोय, कुनाची सोयरीक मोडली, कुनाची सून माहेरी बसली, समदं मला ठावं, पन कधी तोंडातनं एक शब्द काढला न्हाई. लोक म्हनायचे, दत्ताच्या पोटात गेलेली गोष्ट पुन्यांदा वर येत न्हाई. मला त्याचा लई मान वाटायचा. आयुष्यात दुसरं काय कमावलं म्हनावं, तर हेच.

मंग बूथ गेले, मोबाईल आले, रिचार्ज आलं, आन तेबी लोक घरबसल्या करायला लागल्यावर मी चार्जर, कव्हर, हेडफोन असलं काय काय ठेवलं. मनगटावरची स्मार्टवॉच पयल्यांदा आली तवा ती पुन्या-मुंबईची वस्तू, आमच्याकडं कुनी विचारत नसे. पन मंग स्वस्तातली निघाली, आन काय ती उडाली म्हनता. त्या साली धोंड्याचा म्हैना आला, जावयाला काहीतरी द्यायचं तर सोन्याला हात लावायची सोय न्हाई, मंग समदे सासरे माझ्या दुकानात. म्हनायचे, कंपनी कुठली का असंना दत्ता, पन जावयाच्या हातावर लांबनं दिसलं पायजे. एका म्हाताऱ्यानं तर बॉक्स उघडून घड्याळ कानाला लावलं, म्हनला, आवाज कुठाय रं, मेलेलं देतो का काय मला.

आता यातली अडचन अशी की हे घड्याळ मोबाईलला जोडायला ई-मेल लागतो, आन तो आमच्याकडं कुनाला असतोय. एका मामांना म्हनलं ई-मेल सांगा, म्हनले म्हंजी काय, म्हनलं इंटरनेटवरचा पत्ता असतो, तर म्हनले, मंग टाक की, मारुतीच्या देवळामागं. तवा मीच प्रत्येकाचा ई-मेल काढून द्यायचो, पासवर्ड समद्यांचा एकच, माझ्या ध्यानात राहील असा. आन त्या ॲपमदी दोस्त जोडायची सोय हुती, तर मी प्रत्येक गिऱ्हाईकाला स्वतःशी जोडून घ्यायचो. का, तर घड्याळ बंद पडलं म्हनून कुनी आलं की मला दुकानातनंच कळावं, चालू हाय का न्हाई. एवढंच मनात हुतं. खरंच एवढंच.

पन तुमी मला इचाराल की घरी कोन कोन असतं, तर कुनीच न्हाई. पोरगं चाकणला कंपनीत, नातू झाला तवा बायको सहा म्हैन्यांसाठी म्हनून गेली, त्याला आता चार वर्सं झाली. भांडान न्हाई काय न्हाई. फोन करती, जेवला का म्हनती, जेवलो म्हनतो, मंग दोघंबी गप. तर सकाळी चहा पिताना मी ॲपमदली ती दोस्तांची यादी उघडायला लागलो. पस्तीस-चाळीस मानसं, प्रत्येकाची पावलं आन काळजाचे ठोके. फिरायला जातो म्हनून घरनं निघनारे पाटील तीनशे पावलांत थांबत्यात, म्हंजी कोपऱ्यावरच्या टपरीवर. मी एकटाच हसायचो. घरात कुनीतरी असल्यासारखं वाटायचं.

त्यात आमच्या बाई हुत्या. शाळेतल्या, निवृत्त झालेल्या. माझ्या पोराला त्यांनीच शिकवलं. मालक जाऊन सात-आठ वर्सं झाली, मुलगा पुन्याला. दिवाळीत आला तवा त्यानं माझ्याकडनंच घड्याळ घेऊन आईच्या हातात बांधलं, म्हनला, काका तुमी शिकवा तिला. मी शिकवलं. वॉटरप्रूफ हाय म्हनलं, अंघोळीलाबी काढू नका. बाई म्हनल्या, दत्ता, हे घड्याळ वेळ सोडून बाकी सगळं सांगतं रे. रोज सकाळी सहाला दूध घेऊन, अंघोळ करून बाई शाळेच्या रस्त्यानं चालायच्या, साडेचार-पाच हजार पावलं. तिकडं पावलं पळायला लागली की इकडं मी चहाचं आधन ठेवायचो. बाईंना यातलं काय म्हाईत नव्हतं. कुनालाच नव्हतं.

चैतातला शनिवार. सात वाजले तरी बाईंची पावलं एक्केचाळीस. म्हनलं आज उशीर झाला असंल. नऊला बघितलं, एक्केचाळीस. पन ठोके चालू, एकशे बारा. घड्याळ काढून ठेवलं असतं तर ठोके दिसले नसते, हे मी समद्या गिऱ्हाईकांना सांगतो, मंग मला कळत नव्हतं असं मी कसं म्हनू? कळत हुतं. तुमच्यापुढं आज खरं बोलतो, मला नऊलाच कळलं हुतं.

पन जायचं तर काय सांगायचं? तुमचे ठोके मी घरी बसून बघतो असं? विधवा बाईमानूस, आन माझी बायको चाकणला. दुपारी फोन लावला, नुसता वाजला. संध्याकाळी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गेलो, दार लावलेलं. तिथं त्याच गल्लीतला आमचा दौलत त्याच्या ओट्यावर बसलेला. म्हनला, काय दत्ताशेट, इकडं कुनीकडं? म्हनलं, सहज. तर म्हनतो, बायको नातवापाशी आन तुमी गल्ल्या मोजताय व्हय? आन हसला. चेष्टाच ती, त्याच्या मनात काय नव्हतं. मी बी हसलो, आन माघारी फिरलो. चार्जर द्यायला आलोय म्हनलो असतो, पोराचा निरोप हाय म्हनलो असतो. आता शंभर कारनं सुचत्यात. तवा एक सुचलं न्हाई. घरी आलो, ॲप बंद केलं आन मोबाईल पालथा ठेवला.

रविवारी सकाळी दूधवाल्यानं हाका मारल्या, दार उघडंना, मंग चार मानसं जमली आन कडी तोडली. त्या चारात मी हुतो. बाई मागच्या न्हानीत पडलेल्या, खुबा मोडलेला, पूर्न एक दिवस आन एक रात. वल्या फरशीवर. मी त्यांना पायाकडनं धरून जीपमदी ठेवलं. हातातलं घड्याळ तवाबी चालू.

जामखेडला नेलं, तिथनं नगरला, ऑपरेशन झालं, मुलगा पुन्याला घेऊन गेला. जायच्या आधी दुकानात आला, डोळे सुजलेले. म्हनला, काका, एवढं गाव शेजारी आन कुनालाच कळलं न्हाई हो. मी म्हनलं, व्हय. बघा, नुसता एक शब्द.

मंग मी यादीतली मानसं एकेक करून काढली. गिऱ्हाईकांना बोलवून पासवर्ड बदलून दिले. का रं म्हनले, तर सांगितलं कंपनीचा नियम. तिथंबी खोटंच.

पावसाळ्यानंतर बाई गावाला परत आल्या, पुन्यात करमत न्हाई म्हनून. चाकाच्या खुर्चीवर, कामाला एक बाई ठेवलेली, ती आठाला येते. मी दोन आठवडे नुसताच दारावरनं गेलो. मंग एका दुपारी आत गेलो, उभ्या उभ्याच समदं सांगितलं. ई-मेल, यादी, एक्केचाळीस, दौलत, समदं.

बाई ऐकत हुत्या. मला वाटलं रागावतील, रडतील, काहीतरी म्हनतील. त्यांनी एकच विचारलं, किती वाजता पाहिलंस? म्हनलं, नऊ वाजता. मंग म्हनल्या, मी दहापर्यंत हाका मारत होते, नंतर घसा बसला.

आन म्हनल्या, जा आता. दार लावू नकोस.

तवापास्नं मी रोज सकाळी सातला दुकान उघडायच्या आधी त्यांच्या दारापुढं जातो. त्यांनी बोलवलेलं न्हाई. दार उघडंच असतं, बाहेरनं म्हनतो, बाई. आतनं आवाज येतो, आहे. मंग मी जातो. दौलत ओट्यावर असतो, बघतो, त्याला काय म्हनायचं ते म्हनू द्या, आता मीच त्याला आधी हाक मारतो. पन काही दिवशी बाई आतनं काही म्हनतच न्हाईत. खुर्ची दिसत असती, पाठ दिसत असती, रेडिओ चालू असतो. ऐकू गेलेलं असतं, मला म्हाईत हाय. तवा मी उंबऱ्याबाहेर उभा राहतो. कधी पाच मिनटं, कधी अर्धा तास. माफी केली का न्हाई, मी इचारलं न्हाई, आन इचारनार बी न्हाई. त्यांना आयुष्य लाभो, एवढंच. त्यांना वाटंल तवा त्या म्हनतील, आहे. तवर मी हितंच हाय.