भागूला चार दिवस जास्त ठेवून घेतल्याबाबत

मनकर्णाबाई नानासाहेब नलावडे, वय ५८ वर्षे, निवृत्त शिक्षिका, राहणार उस्मानपुरा, औरंगाबाद. आज ता. १७ जानेवारी १९९४ रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी, नाताळच्या सुट्टीत मी कॉन्व्हेंटमधून देवगाव रंगारीला घरी गेले होते. खतासाठी आमच्या शेतात धनगरांची मेंढरं बसवली होती. त्यांच्यातली सारजा माझ्याच वयाची. एका घोंगडीवर बसून आम्ही दोघींनी दुपारभर भाजलेल्या शेंगा खाल्ल्या. पुढे दर हिवाळ्यात ती भेटायची. चार वर्षांपूर्वी ती वारली. बानाबाई तिची मुलगी. मी एकटी राहते.

या महिन्याच्या ता. ४ रोजी सकाळी दहाला बानाबाई दीड वर्षाच्या भागूला घेऊन माझ्या घरी आली. "मावशी, पोरीचं पोट लई उडतंय. दूध बी घेईना," म्हणाली. श्वास घेताना मुलीच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता. रिक्षाने सरकारी दवाखान्यात नेले. न्यूमोनिया निघाला. चार दिवस ऑक्सिजन आणि इंजेक्शने दिली. ता. ८ रोजी घरी सोडताना डॉक्टरांनी पाच दिवस औषध आणि ऊब सांगितली. कळप पिशोरकडे निघाला होता. बिऱ्हाड हलवायला बानाबाईला जाणे भाग होते. तिने भागूला माझ्याकडे ठेवले. औषध ता. १३ रोजी संपले.

त्याच दिवशी मुलीचे वडील मुंजाबा न्यायला आले. मी दारातूनच सांगितले, ताप आहे, दोन दिवसांनी या. ते म्हणाले, "ताप हाय, तर मग आत खिदळतंय कोण?" मी दार लावून घेतले. ताप नव्हता. ता. १६ रोजी ते पुन्हा आले. मी घरात होते. कडी काढली नाही. त्यांची तक्रार खरी आहे.

या दिवसांत भागू मला आजी म्हणू लागली. तसे मी शिकवले नव्हते.

हवालदारांनी वरचे सारे मोठ्याने वाचले. मी सांगितले तसेच आहे. सहीआधी एवढे वाढवून घ्यावे. दवाखान्याचा कागद मुंजाबांकडे द्यावा. पिशवीतले कपडे आणि लोकरीची टोपी भागूची. माझे मनगटी घड्याळ बानाबाईला द्यावे. पोर निजली असताना, सेकंदाच्या बारीक काट्याची एक फेरी होईपर्यंत तिने श्वास मोजावेत. दोन विसांच्या वर गेले की दवाखाना गाठावा. मेंढरं ती विसाविसानेच मोजते, हेही तिला जमेल. ती बाहेर ओट्यावर बसली आहे, तिला आत बोलवावे. मुलगी बाकावर झोपली आहे. माझ्या हातून घेऊ नये. बानाबाईने तिथूनच उचलावी.