विषय : नर्सबाईंना कामाचा परवाना मिळणेबाबत

विषय : निर्वासित नर्सबाईंना दवाखान्यात कामाचा परवाना मिळणेबाबत. संदर्भ : त्यांचा अर्ज आणि सात स्मरणपत्रं… आता तुम्ही म्हणाल, निवृत्त झालात तरी कारकुनी सुटली नाही का? अहो, सुटेल कशी? मदतसंस्थेच्या कचेरीत लोकांचे अर्ज फुकट लिहून देतो मी. तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं फायली हाकल्या, पण असली बुद्धी पाहिली नाही. आपण तर हात जोडले!

भिंतीवर काचेच्या चौकटीत धोरण टांगलंय : 'आलेला प्रत्येक माणूस सहा महिन्यांत कामाला.' बाईंना हे तिसरं वर्ष. समोरचा दवाखाना घ्यायला तयार, महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवलीय. पण परवान्याला भाषेचा दाखला हवा, दाखला मिळतो संस्थेच्या वर्गात, आणि वर्ग अजून उघडायचाय! संस्थेच्या साहेबांना म्हटलं, ही बोलण्यात नि करण्यात दरी नाही का? ते समजुतीनं म्हणाले, "काका, दरी नाही हो, टप्पा आहे तो." दरीला टप्पा! आपण तर हात जोडले!

मंगळवारी साहेबांनी हा टप्पा रांगेतल्या सगळ्यांना समजावायचं काढलं. लोकांना इथली भाषा येईना, साहेबांना त्यांची येईना. मग दुभाषी कोण? आमच्याच नर्सबाई! वर्ग का उघडला नाही, भाषेवाचून काम देणं कसं धोक्याचं, सगळं बाईंनी आपल्या लोकांना अर्धा तास सांगितलं, आणि साहेब अडखळले तिथे त्यांनाही शब्द पुरवला. साहेब खूश. "वा, काय अस्खलित बोलता हो!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "मग तसं लिहून द्या."

साहेबांनी चष्मा पुसला. दाखला वर्गाला बसल्याचा असतो म्हणे, भाषा येण्याचा नव्हे. पण कदर केली हो माणसानं! अहवालात बाईंचा फोटो छापला, खाली ओळ : 'भाषेचं काम, यशस्वी समावेश.' आणि यशस्वी झालेल्यांचे अर्ज वेगळ्या कपाटात जातात, कारण त्यांना आता मदतीची गरज नसते… आपण तर हात जोडले!

बाईंनी फोटोचं पान नीट पाहिलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं नि खुर्ची ओढली. "काका, आठवं लिहायचं ना?"

लिहिलं. कपाट बदलल्याचा उल्लेख करून. महिना संपायला चार दिवस आहेत. अर्ज प्रलंबित आहे.