टाचेपाशी उमटलेले दात

फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात बरीच गर्दी होती. शिवणयंत्र चालवून चालवून गुडघा दुखावलेल्या शिंपीणबाईंनी नजर मासिकात ठेवली आणि कान मात्र मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या नवराबायकोकडे लावले.

“आत गेल्यावर खरं सांगा.”

“खरंच सांगणार. रोज सायकल मारतो, म्हणून पोटरी धरली.”

“पॅडलवर पाऊल कसं ठेवता?”

“चवड्यावर. सगळे ठेवतात तसं.”

“मग बुटाच्या तळाला पॅडलचे दात टाचेपाशी कसे उमटलेत?”

“तू माझे बूट उलटे करून बघतेस?”

“बघते. मागच्या खेपेला डॉक्टर काय म्हणाले? चवड्यानं दाबलं तर ताण पोटरीवर, टाचेकडून दाबलं तर मांडीवर. मग टाचेनं दाबणाऱ्याची पोटरी कशाला धरेल?”

“आता तूच डॉक्टर हो!”

“ही पोटरी जिन्यानं धरलीय. कुणाकडे जाता?”

“कुणाकडे जाणार? तळ्याला फेरी मारून येतो.”

“लेकीकडे जाता. तिच्या दारात पाऊल ठेवायचं नाही, अशी मला शपथ घातलीत आणि स्वतः चोरून पाच मजले चढता!”

“काहीतरीच! पाच मजले पायी कोण चढेल? लिफ्ट आहे की तिथं.”

“महिना झाला बंद पडून.”

शिंपीणबाईंचं पान उलटायचं राहून गेलं.

“तुला गं कसं ठाऊक?”

“उठा, तुमचा नंबर आला.”

“अजून कुणी हाकसुद्धा मारलेली नाही.”