खरवडलेला नंबर

आबांच्या थोरल्या लेकीला जुळी झाली, त्या सालची गोष्ट. आबा रेडिओ घेऊन दुरुस्तीच्या दुकानात बसले होते. पुढे एक नकाशेवाला, त्याची बायको आणि त्यांचा जुना कॉम्प्युटर. दुकानदार सांगत होता.

"बोर्ड नवा बसवलाय. त्यात मशीनचा नंबर परत भरल्याशिवाय तुमचं नकाशांचं सॉफ्टवेअर उघडणार नाही. नंबर खालच्या स्टिकरवर असतो."

"स्टिकर नाहीच. ज्यांच्याकडून जुना घेतला, त्या मास्तरांनी चोरीचा माल गळ्यात मारला."

"इथे सुरीचे ओरखडे आहेत, साहेब."

"अहो, सांगा की त्यांना. गिऱ्हाइकांना नवा वाटावा म्हणून रविवारभर खरवडत बसला होतात."

"तू जरा गप्प बस."

"गप्पच होते. तुम्ही मास्तरांना फोनवर चोर म्हणालात, तेव्हासुद्धा."

"मास्तरांच्या जुन्या बिलावर नंबर असेल, साहेब."

"लावा फोन. आधी माफी मागा, मग नंबर."

"हॅलो, मास्तर आहेत का? ... कधी? ... बरं."

"काय म्हणाले?"

"मुलगी होती. बिल मिळेल म्हणते. माझा मागचा फोन झाल्यावर मास्तरांनीच शोधून ठेवलं होतं."

"आणि मास्तर?"

मास्तर त्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी वारले होते.