जोडी फोडायची नाही

(किर्गिझस्तानातल्या नारिनमधली नमदे करणाऱ्या बायकांची कार्यशाळा. मालकीण बुरुलकान. तिची भाची चिनारा बिश्केकच्या गुंतवणूक कार्यालयात नोकरीला. ती ऑटो नावाच्या परदेशी व्यापाऱ्याला घेऊन आली आहे; दुभाषीही तीच.)

बुरुलकान : ...आणि हे काय लिहिलंयस पत्रकात? ‘देशाचा परिचय. जमीन स्वस्त, वीज स्वस्त, मजुरी स्वस्त.’ देश काय मोडीत काढलास?

चिनारा : आत्या, व्यापारी आधी तेच वाचतात. हळू बोल ना, साहेब समोर बसलेत.

बुरुलकान : बसू देत. त्याला कुठं आपली बोली कळतेय! तळलेला बोरसोक सायीत बुडवून खा म्हणावं. नुसता कुरतडतोय मघापासून.

ऑटो : चिनारा, यांना सांगा, हे शिर्दाक गालिचे फार आवडले. लाल जमिनीवर काळ्या शिंगांची नक्षी, असे दोनशे हवेत. काळ्या जमिनीचे नकोत, आमच्याकडे खपत नाहीत.

चिनारा : आत्या, दोनशे! सगळ्या बायकांना हिवाळाभर काम! फक्त लाल हवेत म्हणतो.

बुरुलकान : फक्त लाल? शहरात जाऊन विसरलीस वाटतं! लाल नमदा, काळा नमदा एकावर एक ठेवून एकदमच कापतो आपण. लालातलं शिंग काळ्यात, काळ्यातलं लालात. लाल झाला की त्याचा काळा भाऊ झालाच. त्याचं काय करू? विचार त्याला.

चिनारा : साहेब, हे जोडीनंच होतात. उरलेल्या काळ्यांचं काय?

ऑटो : फेकून द्या. मजुरी स्वस्तच आहे ना इथं? तुमच्याच पत्रकात वाचलं.

बुरुलकान : काय म्हणाला गं?

चिनारा : काही नाही.

बुरुलकान : मग तुझा चेहरा का उतरला?

चिनारा : काळे फेकून द्या म्हणाला. मजुरी स्वस्त आहे म्हणाला.

बुरुलकान : ...हो म्हण त्याला.

चिनारा : आत्या!

बुरुलकान : हो म्हण म्हणते ना. आमची आयपेरी मॉस्कोला हॉटेलात भांडी घासायला निघालीय. दोन पोरं माझ्या गळ्यात टाकून. काम मिळालं तर सून घरात राहील. माझा ताठा काय चुलीत घालायचाय?

चिनारा : तो चुलीत घालू नकोस. साहेब, जुळ्यातलं एक आम्ही फेकत नाही. घ्यायचे तर जोडीनं घ्या.

ऑटो : आणि काळे खपले नाहीत तर?

चिनारा : जोडीनं विका, खपतील. माझ्या लग्नात लाल माझ्याबरोबर आला, काळा आईकडे राहिला. आईची आठवण आली की मी माझ्या लालावर जाऊन बसते. हे सांगा तुमच्या गिऱ्हाइकांना. आणि भाव आत्या सांगेल तो.

ऑटो : पण पत्रकात तर...

चिनारा : पत्रक मीच लिहिलंय. चुकलंय ते.

बुरुलकान : एवढं काय बडबडलीस? घालवलंस ना गिऱ्हाईक!

ऑटो : ...शंभर जोड्या. चालेल?

चिनारा : आत्या, शंभर जोड्या घेतोय. लाल आणि काळे, दोन्ही. भाव तू सांगायचास.

बुरुलकान : खरंच?

चिनारा : अगं, खरंच. रडतेस काय!

बुरुलकान : धूर जातोय डोळ्यांत. आयपेरीला हाक मार. म्हणावं, लोकर पिंजायला बस.