दोन वर्षं न उघडलेलं

नाही ताई, चिठ्ठी परत दाखवू नका, वाचलीय मी—छातीचा स्कॅन, तीन वर्षांपूर्वीचा, आमच्याच सेंटरचा. डॉक्टरांना हवाय. का हवाय? तेही लिहिलंय—आता जो डाग दिसतोय, तो तेव्हा होता का? होता, तर काळजी नाही. नव्हता, तर ऑपरेशन. बरोबर? डॉक्टरांना काय जातंय म्हणा, ‘जुना स्कॅन आणा’ म्हणायला! उचलली जीभ, लावली टाळ्याला. सांभाळायचे कुणी—आम्ही! आणि ठेवायचे कुठे? कपाटात नसतात हो, क्लाउडवर. क्लाउड म्हणजे ढग-बिग काही नाही—दुसऱ्या कंपनीचे कॉम्प्युटर, भाड्यानं घेतलेले. जेवढा पसारा तेवढं भाडं, दर महिन्याला. मालकांनी बिल पाहिलं आणि त्यांचे डोळेच पांढरे झाले. म्हणाले, निम्म्यावर आणा. कोण आणणार? मीच! बाकीचे सगळे माना डोलावण्यात पटाईत.

मग उघडून बघतो तर काय—एकेका पेशंटच्या आठ-आठ कॉप्या! आमच्या एका मोठ्या डॉक्टरांनी तर हाडांच्या फोल्डरमध्ये स्वतःच्या सहलीचे व्हिडिओ कोंबलेले—पाण्यात डुंबतायत, पोटासकट! पण त्यांना हात लावायची सोय नाही, साहेब रोज उघडून बघतात. कारण नियम साधा—दोन वर्षं कुणी उघडलं नाही, ते आपोआप पुसायचं. हो, स्वस्तातल्या साठ्यात टाकता आलं असतं—तिथे भाडं कमी, फक्त परत काढायला एखादा दिवस लागतो. पण पुसलं की भाडंच नाही! सुंठीवाचून खोकला गेला. बिल निम्म्याच्याही खाली आणलं मी. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या, वर हे घड्याळ दिलं—बघा ना, चांगलंय.

तुमचा? तुमचा गेलाच की. तुम्ही ठणठणीत होतात ना तेव्हा—मग कोण कशाला उघडेल? आजारी माणसांचे स्कॅन सारखे उघडतात, ते शाबूत आहेत. ज्यांचं सगळं ठीक, त्यांचेच गेले. आता नियमाला काय कळतं—म्हणजे, लिहिला मीच, पण... कागदावरचा रिपोर्ट असेल की घरी? ‘विशेष काही नाही’ असा? हं. एवढासा डाग त्यात लिहीत नाहीत, तेही खरंच.

काय? माझ्या घरच्या कुणाचा स्कॅन? आहे ना—आईचा आहे, चार वर्षांपूर्वीचा. तिला काहीही झालेलं नाही हो, उगीच काढला होता. मग तो कसा राहिला? अहो, दर महिन्याला मी उघडतो ना तो—उघडतो, बंद करतो. उघडलं की नियम हात लावत नाही. आई आहे शेवटी, उद्या काही निघालं, तर डॉक्टर पहिल्यांदा जुनाच—

ताई, मागे गर्दी झालीय. जरा बाजूला व्हा. हं, पुढचे कोण?