नळाला आलेलं सावळं पाणी

हॅलो?… हॅलो, धुळे?… कोण, पमी का? अगं मी ताई बोलतेय, जळगावहून. मोहनलालशेठच्या पेढीवरून… नाही गं, सगळे खुशाल आहेत. आबाही बरे आहेत. लढाईमुळे ट्रंककॉल लागायलाच दुपार गेली, एवढंच…

हो, हो… अगं ऐक ना. कामच आहे. पण काम शेवटी, आधी गोष्ट. दवाखान्याचं दार लोटून घे आणि यंत्र कानाशी नीट धर. आख्यान लावण्याआधी बुवा नाही का म्हणत, मागच्या मंडळींनी पुढे सरकावं? तशी तूही सरक जवळ. असं आख्यान तुला कुठल्या देवळात ऐकायला मिळायचं नाही…

आमच्या शेजारची भागाबाई आठवते ना?… तीच. कापसाच्या जिनात इंजिनावर असतात त्या लोटनभाऊंची थोरली बायको. मूलबाळ नाही म्हणून तिनेच पुढे होऊन त्यांचं दुसरं लग्न लावलं. सवतीला हळदसुद्धा स्वतःच्या हातांनी लावली. आणि त्या हळदीचे हात धुतले तेव्हापासून जी जळायला लागली… हो, लता. धाकटीचं नाव लता. थोरली खाली राहते, धाकटी माडीवर…

सांगते ना. तर घरात नळ आला. पाइप एकच, खालून वर गेलेला. खालचा नळ सोडला की वरचा नुसते सुस्कारे टाकतो… तुमच्याकडेही तेच? असणारच. पण लोटनभाऊ पडले इंजिनावरचे, वाफेचा काटा बघण्यात जन्म गेलेला. त्यांनी दारामागच्या पाइपाच्या मोठ्या चावीवर शेंदराची खूण केली. चावी तेवढीच उघडायची. जास्त उघडली तर माडीवरचा जुना जोड फुटेल, कमी उघडली तर पाणी वर चढायचं नाही. आणि खालचा नळ अर्धाच सोडायचा. रोज सकाळी दोन्ही नळांच्या तोंडावर अंगठा दाबून जोर किती ते स्वतः बघायचे, मग कामाला जायचे…

आणि भागाबाई काय बघायची, सांगू? अंगठा कुठे जास्त वेळ राहतो ते… हसू नको. जिन्याखाली कान देऊन उभी असायची. वरची धार थांबली की हिचा श्वास थांबायचा. मला म्हणाली, खालचा नळ तेवढा चटकन समजतो, वरच्याला एवढं काय बघावं लागतं हो?

मग तिने काय करावं? ते कामावर गेले की खालचा नळ पूर्ण सोडायची. हंडे भरले, तुळस बुडाली, तरी नळ सुरूच. लता बिचारी खाली यायची, घागर भरून जिना चढायची. चकार शब्द नाही. भांडली असती तर भागाबाईला बरं वाटलं असतं बघ…

हो ना, आणि त्यात लताला दिवस गेलेले. लोटनभाऊंनी एकदा तिला घागरीसह जिन्यात पाहिलं मात्र, खाली येऊन थंडपणे म्हणाले, नळाच्या जोराशी पुन्हा कोणी खेळलं तर नरडाण्याच्या जिनात मला जागा आहे. लताला घेऊन निघून जाईन…

बसला ना धाक. बसेल नाही तर काय? नवराच जायचा म्हटल्यावर. पण पमे, मत्सराला धाक कळतो का? लोटनभाऊंनी जिनातून रबरी नळीचा तुकडा आणला. लताला बादली उचलायला नको, नळाला लावून पाणी थेट टबात सोडता यावं म्हणून. लुगडं आणलं असतं तर भागाबाईने सोसलं असतं. ती नळी काही तिला सोसली नाही…

हॅलो?… हो बाई, बोलतोय आम्ही, तोडू नका… हां पमी, आहेस ना?

एकादशीची सकाळ. भागाबाईने आपली भांडी भरली आणि दारामागची मोठी चावी पार बंद करून टाकली. वरची धार गेली. मग देवघरात बसली तर अभिषेकाचा तांब्या रिकामा. जळत्या जिवाला आधी देवाचाच विसर पडतो. पाइपात राहिलं असेल थोडं म्हणून खालचा नळ फिरवला, तर पाणी आलं. आणि आलं ते सावळं. मेघासारखं निळंसावळं गं…

अगं, मी गेले होते ना. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले माझे. सगळी गल्ली गोळा झाली. भागाबाई तांब्या छातीशी धरून रडतेय, बायका तीर्थाला हात पुढे करताहेत. पाणी गाळूनच पिणाऱ्या, पलीकडच्या जैनांच्या भंवरीबाईंनी सवयीप्रमाणे फडकं आणलेलं. तेवढ्यात समोरच्या वनाची आई म्हणाली, गढूळ आलं असेल आज पालिकेचं. झालं. भागाबाईच्या देवावरच आळ. ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, “गढूळ कसं? चावी मीच बंद करेल व्हती, तरी पानी उनं.”

…हो, चावी आपणच बंद केली होती, तरी पाणी आलं, असंच म्हणाली. आणि तिच्या मागे लोटनभाऊ उभे होते. गलका ऐकून जिनातून आलेले.

मला विचारशील तर मी तेव्हा फक्त नामस्मरण करत होते. भागाबाईने वळून पाहिलं. देव खरा करायला गेली आणि आपलं पाप बोलून बसली… थांब ना. जिन्यावर लता आली. कोपरापर्यंत हात निळे.

…नीळच. धोतरांना नीळ घालत होती. नळी टबात बुडालेली, वरचा नळ उघडा. जोर होता तोवर पाणी वर चढत होतं. चावी बंद झाली, जोर गेला, आणि खालचा नळ उघडताच टबातलं पाणी त्याच वाटेने खाली ओढलं गेलं. धुण्याचं पाणी गं, देवाच्या तांब्यात… नाही, कोणी प्यायलं नाही. लताच ओरडली, निळीचं पाणी आहे, तोंडाला लावू नका. मग पदरात हात लपवून नवऱ्याला काय म्हणाली ठाऊक आहे? “चावी मीच बंद करायला सांगितली होती अक्कांना. टब भरून वाहत होता.”

…हो तर. सपशेल खोटं. लोटनभाऊंनी एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. मग चावी खुणेपर्यंत फिरवली, दोन्ही नळांवर अंगठा धरून पाहिला आणि कामावर निघून गेले. नरडाण्याचं नाव पुन्हा काढलं नाही…

सुधारली? छे. अगं, जास्तच जळायला लागली. देवळात माझ्याजवळ रडली. म्हणाली, रूप तिचं, कूस तिची, माणूसही तिचाच. मनाचा मोठेपणा तेवढा माझा होता, आपल्या हाताने सवत आणली म्हणून गाव नाव घ्यायचं. तोही नेला हो तिने…

आता काम. लता बाळंतपणाला धुळ्याला आलीय, तुमच्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, भटू गवंड्याची लेक. तिथेही माडी, आणि पाणी गल्लीतल्या नळावरून वाहून न्यायचं. आज सकाळी भागाबाई दारात उभी. तुमच्या बहिणीला फोन करा म्हणाली. लताला घागर उचलू देऊ नका, डॉक्टरांनी जाता-येता तिला बघावं… हो, भागाबाईच. माझ्याकडे न बघता बोलत होती. आणि जाताना बजावून गेली, माझं नाव तिला कळता कामा नये, नाहीतर उद्या उलट माझेच उपकार फेडायला बसेल ती…

बाई, एक क्षण, तोडू नका… पमी, लताची तेवढी आठवण ठेव. रोज सकाळी नळाच्या वेळेला जाऊन ये. आणि कोणी पाठवलं असं विचारलंच तिने, तर सांग, कोणी… हॅलो?… पमी?… हॅलो?